नूतनीकरण चालू असलेलं डिस्ने हॉटेल: बुकिंग ठेवायचं की बदलायचं?

मीनल_एडिसन

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऑरलँडोला, वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पाच रात्रींसाठी जायचं आहे. सहा जण आहोत: पुण्याहून येणारे सासू-सासरे, आम्ही दोघं, आणि ९ व ४ वर्षांची मुलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना नको. सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

डिस्नेच्या व्हॅल्यू, म्हणजे सगळ्यात स्वस्त गटातल्या एका हॉटेलात दोन खोल्या घेऊन ठेवल्या आहेत. फक्त खोल्या, तिकिटं वेगळी. आता हॉटेलच्या पानावर सूचना झळकते आहे की त्या काळात काही इमारतींतल्या खोल्यांचं नूतनीकरण चालू असेल, दिवसा काम दिसेल किंवा ऐकू येईल, आणि मुख्य तरणतलाव बंद राहील. हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण बाकीचे दोन-तीन पर्यायही डोक्यात आहेत.

विचारायचं आहे ते असं. आवाज आणि वासाचा त्रास खरोखर किती होतो? नव्या खोल्यांत दुसरा पलंग भिंतीतून खाली ओढायचा असतो म्हणे, तो ज्येष्ठांना जमेल का? दोन खोल्यांऐवजी सहा जणांचा एकच फॅमिली सूट बरा पडेल का? आणि खोलीत चहा, गरम पाणी, थोडंफार खाणं याची सोय कशी करायची?

---

गिलावा

मीनलताई, काम चालू आहे एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. कोणतं काम, कोणत्या इमारतीत आणि कोणत्या टप्प्यावर, हे फोन करून विचारा.

हॉटेलांत गाद्या, पडदे, गालिचे, रंग यांचं काम साधारण सहा-सात वर्षांनी निघतं. त्यात गडबड असते, पण कानठळ्या बसत नाहीत. त्याच्या वरची पातळी म्हणजे फर्निचर आणि फरशी. यात भिंतींना भोकं पाडावी लागतात, कारण भिंतीतला पलंग, टीव्ही, डोक्याकडची फळी हे सगळं बोल्टने पक्कं करायचं असतं. तिसरी आणि सगळ्यात त्रासाची पातळी म्हणजे बाथरूम फोडणं. जुन्या टाइल्स ब्रेकरने उखडतात तेव्हा तो हादरा काँक्रीटमधून प्रवास करतो. दार-खिडकी बंद करून तो थांबत नाही. सुदैवाने एका खोलीत हा टप्पा एक-दोन दिवसांचाच असतो. मग नळ आणि वायरिंग, टाइल, रंग, फरशी, फर्निचर, शेवटी साफसफाई असा क्रम लागतो आणि आवाज उतरत जातो.

म्हणून इमारतीची रचना महत्त्वाची. एकाच मोठ्या टॉवरचं हॉटेल असेल तर दोन मजले वरची खोली मागून फार फरक पडत नाही, स्लॅब आणि खांब सलग असतात. व्हॅल्यू हॉटेलं सुट्या इमारतींची आहेत. ऑल-स्टारच्या तीन मजली, पॉप सेंच्युरीच्या चार मजली. तिथे ‘दुसरी खोली’ मागू नका, ‘काम नसलेली दुसरी इमारत’ मागा. मध्ये मोकळी जागा आली की काँक्रीटमधून येणारा हादरा तिथेच संपतो आणि उरतो फक्त हवेतून येणारा आवाज. तो दिवसा तुम्ही पार्कात असताना होणार.

मोठी कंपनी काम दोन तऱ्हांनी करते. एक म्हणजे हॉटेल पूर्ण बंद ठेवून. डिस्नेलँड पॅरिसचं डिस्नेलँड हॉटेल असंच बंद ठेवून २५ जानेवारी २०२४ ला पुन्हा उघडलं. फ्लोरिडातलं पॉलिनेशियन हॉटेलही आधी बंद होतं, ते नव्या खोल्यांसह जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. दुसरी तऱ्हा म्हणजे पाहुणे राहत असताना एकेक इमारत रिकामी करून. २,८८० खोल्यांच्या पॉप सेंच्युरीचं काम २०१७-१८ मध्ये असंच झालं. तुमच्या हॉटेलात ही दुसरी तऱ्हा दिसते. इमारत पूर्ण रिकामी करण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. वरखाली असलेल्या बाथरूमना पाण्याचे उभे पाइप एकच असतात. एका खोलीतलं जोडकाम करायचं तर त्या उभ्या रांगेतल्या सगळ्या खोल्यांचं पाणी बंद करावं लागतं, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी खोल्या काढण्यात अर्थ नसतो.

जाता जाता: १९७१ मध्ये उघडलेल्या कंटेम्पररी हॉटेलच्या खोल्या पोलादी सांगाड्याचे तयार खोके म्हणून जवळच बनवल्या होत्या आणि क्रेनने उचलून जागेवर सरकवल्या होत्या. इतक्या हुशारीने बांधलेल्या इमारतीतसुद्धा नूतनीकरण मात्र माणसं आणि सामान आत नेऊनच करावं लागतं.

आता वास. नव्या खोलीचा वास गोंद, रंग, भुशाच्या फळीचं फर्निचर आणि व्हिनाइल फरशीतून येतो. पहिल्या काही आठवड्यांत जास्त, मग ओसरतो. कुणाला दमा असेल तर कालच ताब्यात आलेली खोली घेऊ नका, दोन-तीन महिने वापरात असलेली नवी खोली मागा. नवी मिळालीच तर आल्याआल्या बाथरूमचा पंखा आणि एसीचा पंखा सलग चालू ठेवा. एसीवर ‘ऑटो’ असेल तर ‘ऑन’ करा, म्हणजे थंडावा पुरेसा झाल्यावरही हवा फिरत राहते.

कुबट वास हा वेगळा प्रकार आहे, आणि तो नव्या खोलीतही असू शकतो. फ्लोरिडाची हवा दमट. बाहेरच्या भिंतीला आतून व्हिनाइलचा वॉलपेपर लावला की भिंतीत शिरलेली वाफ थंड वॉलपेपरच्या मागे अडकते आणि तिथे बुरशी धरते. बाथरूमचा पंखा हवा बाहेर फेकतो तेवढी आत येत नसेल तर खोली फटींमधून बाहेरची दमट हवा ओढत राहते आणि हे आणखी वाढतं. वॉलपेपरवर गुलाबी-जांभळट डाग किंवा फुगवटा दिसला तर समजा की सुगंधी फवारा मारून काही होणार नाही. सरळ खोली बदलून मागा.

पाण्याची एक गोष्ट नक्की करा, घरात ज्येष्ठ आहेत म्हणून सांगतो. आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या पाइपांत पाणी साचून राहतं आणि त्यात जंतू वाढू शकतात. खोली नव्याने सुरू झालेली असेल तर पहिल्यांदा शॉवरचं गरम पाणी पूर्ण सोडा, पंखा लावा, दार ओढून बाहेर या आणि चार-पाच मिनिटं वाहू द्या. सुरुवातीला हवा फुसफुसत आली किंवा पाणी तांबूस आलं तर पाइपकाम नुकतंच झालंय. स्वच्छ होईपर्यंत वाहू द्या. नाहीच झालं तर कळवा.

फोनवर विचारायचं ते असं: माझ्या तारखांना कोणत्या इमारतींत काम आहे, बाथरूम फोडायचं काम बाकी आहे का, कामाच्या वेळा काय, लिफ्ट चालू राहणार का, फूड कोर्ट आणि बसथांबा जागेवरच आहेत का. यांपैकी फूड कोर्ट किंवा लिफ्ट बंद असेल तर मी बुकिंग हलवेन. खोल्यांचं काम दुसऱ्या इमारतीत असेल तर हलवणार नाही.

---

सामानसुमान

गिलावा यांच्याशी सहमत. मी खोल्यांच्या मांडणीचं सांगते.

व्हॅल्यू गटातली साधी खोली २६० चौरस फुटांची. जुन्या मांडणीत दोन डबल पलंग असायचे. नव्या मांडणीत एक पक्का क्वीन पलंग (डबलहून मोठा) आणि दुसरा क्वीन भिंतीतून खाली येणारा. तो बंद असताना त्या जागी टेबल-खुर्च्या असतात. उघडायचा तर टेबल रिकामं करायचं, खुर्च्या हलवायच्या, मग वरच्या कडेला धरून खाली ओढायचा. वजन तोललेलं असतं, त्यामुळे ताकद फार लागत नाही, पण हात डोक्याच्या वर न्यावे लागतात आणि मग वाकावं लागतं. गुडघेदुखीवाल्या माणसाने रोज हे करू नये. ४ वर्षांच्या मुलाला त्या वेळी दूर उभं करा, बोटं सापडायची जागा बिजागरीपाशी असते.

पण तुमच्याकडे दोन खोल्या आहेत, म्हणजे हा प्रश्न मुळात उरतच नाही. सासू-सासऱ्यांच्या खोलीत दुसरा पलंग उघडायचाच नाही. त्यांना पक्का पलंग, टेबल, बसायला खुर्च्या आणि चालायला मोकळी जमीन असं सगळं मिळतं. तुमच्या खोलीत तो रात्री उघडायचा, सकाळी वर करायचा. उघडा ठेवलात तर त्या खोलीत टेबल नाही, आणि चालायला जेमतेम वाट राहते. बॅगा पक्क्या पलंगाखाली सरकवा, नव्या पलंगांची उंची त्यासाठीच वाढवली आहे.

नव्या खोल्यांत गालिचा गेला, लाकडासारखी दिसणारी कडक फरशी आली. धुळीची ॲलर्जी असलेल्यांना उत्तम. मात्र ती पायाला थंड लागते आणि ओल्या पायाने घसरते. ज्येष्ठांसाठी रबरी तळाच्या सपाता घरूनच आणा. बेसिनचा भाग आणि झोपायची जागा यांच्यामध्ये पूर्वी पडदा असायचा, आता सरकतं दार असतं. उजेड अडतो, आवाज अडत नाही. दाराच्या कडेला फट राहते. रात्री दोनदा उठणारं कुणी असेल तर त्यांचा पलंग दारापासून लांबचा निवडा.

फॅमिली सूटबद्दल. आर्ट ऑफ ॲनिमेशन या डिस्ने हॉटेलातले सूट सुमारे ५६५ चौरस फुटांचे, सहा जणांचे, दोन बाथरूम, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि सिंक. शेगडी नसते. कार्स, लायन किंग आणि फाइंडिंग निमो या भागांत सूट आहेत आणि त्यांचे दरवाजे आतल्या बंद मार्गिकेत उघडतात. लिटल मर्मेडच्या खोल्या मात्र साध्या आहेत, दरवाजे बाहेर उघडतात आणि लॉबीपासून सगळ्यात लांब. नाव एकच हॉटेलचं दिसतं म्हणून चुकून ती घेऊ नका. सूटमध्ये झोपायची खोली एकच, तिथे एक क्वीन. बाकी चार जण हॉलमध्ये सोफा-पलंगावर आणि टेबलातून निघणाऱ्या पलंगावर. म्हणजे सासू-सासऱ्यांना आतली खोली दिली की तुम्ही चौघं हॉलमध्ये, आणि रात्री ९ नंतर दिवा लावायचा तर सगळ्यांना जागं करून. बहुतेक तारखांना हा सूट दोन व्हॅल्यू खोल्यांहून महागच पडतो.

दोन जोडखोल्यांचं गणित सरळ आहे: ५२० चौरस फूट, दोन बाथरूम, दोन फ्रिज, चार क्वीन पलंग, आणि मध्ये बंद करता येणारं दार. तुमच्या कुटुंबासाठी मी हेच सांगेन. एकच अट, दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या आणि ‘मधल्या दाराच्या जोडखोल्या’ अशी विनंती दोन्हीवर टाका. शेजारच्या खोल्या आणि जोडखोल्या या वेगळ्या गोष्टी. नुसतं ‘जवळजवळ’ म्हटलं तर मधलं दार नसलेल्या मिळतील. प्रत्येक खोलीच्या नावांत एक तरी प्रौढ हवाच. सासू-सासरे प्रौढ आहेतच, तरी तुमच्यापैकी एकाचं नाव सासू-सासऱ्यांच्या खोलीवर टाका. चावीची आणि खर्चाची कामं मग सोपी जातात.

जिन्याचं बोललात म्हणून: मॉडरेट, म्हणजे मधल्या दराच्या गटात जायचा विचार असेल तर कॅरिबियन बीचच्या इमारती दुमजली आहेत, लिफ्ट नाही. पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइडच्या अ‍ॅलिगेटर बायू भागातही नाही. तिथे घेतलंत तर तळमजला मागावाच लागेल. पोर्ट ऑर्लिन्स फ्रेंच क्वार्टरला लिफ्ट आहे, आवारही आटोपशीर, बसथांबा एकच आणि जवळ. ज्येष्ठांसाठी मॉडरेटमध्ये मला ते सगळ्यात सोयीचं वाटतं.

---

मीनल_एडिसन

दोघांचेही खूप आभार. जोडखोल्यांचं पटलं. सासूबाईंच्या बाथरूमचं काय करावं? टबची कड ओलांडणं त्यांना कठीण जाईल. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कच्या कबाना बे हॉटेलचं नावही कुणीतरी सुचवलंय. आणि तलाव बंद म्हणजे मुलं हिरमुसणार, त्याला काही पर्याय?

---

ओवा

टबची कड साधारण सव्वा फूट उंच असते आणि ती ओलांडताना सगळा भार एका गुडघ्यावर येतो. म्हणून सासू-सासऱ्यांची खोली ‘रोल-इन शॉवर’ प्रकारात घ्या. ही विनंतीत लिहायची गोष्ट नाही, बुकिंगच त्या प्रकारात करायचं असतं. संकेतस्थळावर ॲक्सेसिबल, म्हणजे अपंग-ज्येष्ठांसाठी सोयीच्या खोल्यांचा फिल्टर आहे. त्यातही दोन तऱ्हा असतात, ‘टब आणि आधाराच्या दांड्या’ आणि ‘रोल-इन शॉवर’. तुम्हाला दुसरी हवी: उंबरा नसतो, बसायला बाक असतो, हातात धरायचा शॉवर असतो, कमोडही थोडा उंच असतो. अशा खोल्या मोजक्या, तेव्हा लवकर घ्या. त्या प्रकारात जोडखोली मिळेल का हे फोनवरच विचारा, आणि पलंग किती आहेत तेही.

रबरी चोषकाच्या, भिंतीला चिकटवायच्या दांड्या नेऊ नका. टाइलच्या जोडावर किंवा खडबडीत टाइलवर त्या धरत नाहीत. नेमक्या भार पडला की सुटतात.

कमोडला जेट नसतो. प्लास्टिकचा मग किंवा प्रवासात वापरायची दाबायची बाटली बॅगेत टाका.

इन्सुलिन: न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत हवीत. खोलीतला छोटा फ्रिज पेयं गार करण्यापुरता असतो. त्याचं तापमान वरखाली होतं आणि मागच्या पत्र्याला टेकलेली वस्तू गोठू शकते. गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. औषधासाठी फ्रिज हवा आहे असं बुकिंगवर नोंदवा, सुयांसाठी टणक डबाही मागा, दोन्ही देतात. छोटा थर्मामीटर आत ठेवून रात्रभरानंतर वाचा आणि मगच पेनं आत ठेवा. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला चालतं, त्याचे दिवस पाकिटातल्या कागदावर दिलेले असतात. ते पेन उन्हात उभ्या गाडीत मात्र राहू देऊ नका.

गरम पाणी. पुण्याहून येताना इलेक्ट्रिक किटली आणू नका. तिकडची किटली २३० व्होल्टची, इथे १२०. पिन बदलणारा ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. अर्ध्या व्होल्टेजवर शक्ती अर्धी न राहता जवळजवळ चौथा हिस्सा राहते: १,५०० वॉटची किटली ४०० वॉटच्या आसपास चालते आणि चहाचं पाणी उकळायला चौपट वेळ घेते. तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून इथलीच छोटी किटली आणा. खोलीत कॉफी मेकर असतो, पण आधीच्या पाहुण्यांच्या कॉफीचा वास चहाला येतो. इंडक्शन, हॉटप्लेट, राईस कुकर हॉटेलात चालत नाहीत, आणि फोडणीच्या धुराने धूरसूचक वाजायला वेळ लागत नाही. गरम पाणी ओतून होणारं उपमा-पोह्याचं पाकीट, मेतकूट, चिवडा, दशम्या एवढ्यावर सकाळ निभते. साध्या खोलीत मायक्रोवेव्ह नसतो, फूड कोर्टात पाहुण्यांसाठी ठेवलेला असतो. दूध-दही ऑनलाइन मागवलं तर हॉटेलचा सामानकक्ष ते ताब्यात घेतो आणि थोडं शुल्क लावतो. भारतीय वाणसामान हवं असेल तर साउथ ऑरेंज ब्लॉसम ट्रेलच्या बाजूला दुकानं आहेत.

बाहेर जेवताना मेनूवर पानाची खूण असलेले पदार्थ वनस्पतीजन्य, म्हणजे अंडं आणि दूध दोन्ही नाही. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर अंडं येऊ शकतं, तेव्हा अंडं नको हे वेगळं सांगा. तळणीचं तेल सामायिक असतं का तेही विचारा, ॲलर्जीचा प्रश्न असल्यासारखं विचारलं तर शेफ स्वतः येऊन सांगतात. एक जेवण ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधल्या सना या रेस्टॉरंटला ठेवा. तिथे नान-कुलच्यासारख्या भाकऱ्यांचं ताट नऊ प्रकारच्या चटण्या-रायत्यांबरोबर येतं आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. त्या हॉटेलात न राहताही टेबल घेता येतं, फक्त आधी आरक्षण करा. सासूबाईंना दिवसभर चालायचं नसेल तर ती दुपार त्यांच्यासाठी उत्तम.

---

कडेलोट

तारखा आणि पैशांबद्दल थोडं, कारण त्यावर कुणी बोललेलं नाही.

जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. त्या शनिवार-रविवारला जोडून गर्दी होते. महिन्याच्या शेवटच्या भागात स्कायलायनर हा रोपवे वार्षिक देखभालीसाठी साधारण आठवडाभर बंद ठेवतात आणि त्याऐवजी बस सोडतात. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि कॅरिबियन बीच हे रोपवेवरचे. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना जाण्यासाठी रोपवे म्हणून कुणी जास्त पैसे मोजत असेल तर बंदच्या तारखा आधी पाहाव्या. माझ्या हिशेबाने सोमवारच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी पोहोचून रविवारी निघणं सगळ्यात सोयीचं: पाच रात्री, सुट्टीची गर्दी ओसरलेली, आणि रोपवेही चालू असण्याची शक्यता जास्त. रोपवेच्या डब्यात एसी नसतो, जानेवारीत त्याची अडचण नाही. विजा चमकल्या की मात्र थांबवतात.

फक्त खोलीचं बुकिंग असेल तर आधी एका रात्रीचे पैसे घेतात आणि पोहोचण्याच्या ५ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर परत देतात. तिकिटांसकट पॅकेज असतं तर ३० दिवसांची मर्यादा लागली असती. तेव्हा घाई नाही. नवं बुकिंग हातात आल्यावरच जुनं सोडा, उलट क्रमाने करू नका, कारण जुना दर पुन्हा मिळत नाही. दर तुलना करताना कर धरा, ऑरेंज काउंटीत १२.५ टक्के लागतो.

नव्या खोलीची हमी मिळत नाही, संकेतस्थळावरची छायाचित्रं मात्र नव्या खोल्यांचीच असतात. ऑनलाइन चेक-इन ६० दिवस आधी उघडतं. त्यात प्राधान्यं मोजकीच देता येतात, म्हणून तुमच्यासाठी क्रम असा: जोडखोल्या, मग तळमजला किंवा लिफ्टजवळ. ‘काम नसलेली इमारत’ हे फोनवर सांगून नोंदवून घ्या. व्हॅल्यू हॉटेलांत बसथांबा लॉबीपाशीच असतो आणि आवार पसरलेलं. सासूबाईंसाठी लॉबीजवळच्या ‘प्रेफर्ड’ खोल्यांचे जादा पैसे वाया जाणार नाहीत. हाताने ढकलायच्या थोड्या व्हीलचेअर हॉटेलात अनामत ठेवून मिळतात, पण त्यावर विसंबू नका. बाहेरून भाड्याने घेतलेली हॉटेलवर आणून देतात.

कबाना बे: फॅमिली सूट सुमारे ४३० चौरस फूट, सहा जण, मायक्रोवेव्ह आणि सिंक. बाथरूम तीन भागांत विभागलेलं आहे, शॉवर, कमोड, बेसिन वेगवेगळे. पण कमोड एकच. सहा जणांत सकाळी ते भोवतं. राइडची लांब रांग टाळणारा एक्स्प्रेस पासही तिथे फुकट नाही. तो पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांतच मिळतो, तोही २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्या नव्या पार्कसाठी चालत नाही. मुख्य म्हणजे तुमचे दिवस डिस्नेचे. डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर पार्कात रोज अर्धा तास आधी प्रवेश, पार्किंग मोफत आणि लाइटनिंग लेनचं (राइडच्या लहान, सशुल्क रांगेचं) आरक्षण ७ दिवस आधी. बाहेर राहणाऱ्यांना ते ३ दिवस आधी उघडतं. ९ वर्षांच्या मुलाला हव्या असलेल्या राइड्स त्या चार दिवसांतच संपतात. युनिव्हर्सलला एकही दिवस नसेल तर कबाना बे सोडा.

---

गिलावा

तलावाबद्दल. मोठे तलाव जानेवारीतच दुरुस्तीला का काढतात याला कारण आहे. ऑरलँडोत त्या महिन्यात दिवसा साधारण २२ अंश आणि रात्री १० पर्यंत उतरतं, पोहणारे कमी. शिवाय तो कोरडा मोसम. फ्लोरिडात भूजल फार वर असतं. भरलेला तलाव आपल्या वजनाने जागेवर बसतो, पण रिकामा केला की खालचं पाणी काँक्रीटच्या कुंडाला वर ढकलू लागतं. तळाशी दाब सोडणारे व्हॉल्व्ह असतात, तरी पावसाळ्यात ही जोखीम कुणी घेत नाही. आतला गिलावा झाला की तडे जाऊ नयेत म्हणून तलाव लगेच, न थांबता भरतात, आणि पुढचे सुमारे चार आठवडे गिलाव्यातला चुना पाण्याचा सामू वर नेत राहतो. त्या काळात रोज घासणं आणि रसायनं जुळवणं चालतं. म्हणून पाण्याने भरलेला, निळाशार दिसणारा तलावही कुंपणाआड असू शकतो. उघडायची जाहीर तारीख तुमच्या मुक्कामाच्या एक-दोन दिवस आधीची असेल तर तो उघडेल असं धरून चालू नका.

व्हॅल्यू हॉटेलांत मुख्य तलाव बंद असला तरी दुसरा, लहान तलाव सहसा चालू ठेवतात, पाणी गरम केलेलं असतं. तो तुमच्या इमारतीपासून किती लांब ते विचारा. त्याच्या अगदी शेजारची खोली मात्र घेऊ नका. एरवी दोन तलावांत वाटली जाणारी मुलं त्या एकाच तलावावर येतात आणि रात्री उशिरापर्यंत गलका चालतो.

खोली ताब्यात आल्यावर बॅगा उघडायच्या आधी एवढं पाहा. एसी २२ अंशांवर लावून दहा मिनिटांत हवा गार येते का. शॉवर सोडून पाणी तुंबतं का. नूतनीकरणात निचऱ्याच्या पाइपात सिमेंटचा चुरा जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि रोल-इन शॉवरमध्ये उंबरा नसल्याने तुंबलेलं पाणी थेट खोलीत येतं. फरशीचा उतार जाळीकडे आहे का ते पाण्याचा एक मग ओतून कळतं. मधलं दार दोन्ही बाजूंनी उघडतं का. भिंतीतला पलंग एकदा खाली-वर करून खटका पक्का बसतो का. आधाराच्या दांडीला हाताने जोर देऊन ती हलत नाही ना. स्क्रू टाइलमागे नीट बसला नसेल तर दांडी पहिल्या दिवशीच डुगडुगते, तेव्हा सासूबाईंच्या आधी तुम्ही ओढून बघा.

काही बिघडलं असेल तर फोटो काढा, खोलीतूनच फोन करून दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि तक्रार नोंदवल्याची वेळ लिहून ठेवा. एसी, निचरा, खटका ही कामं ते अर्ध्या-एक तासात करतात. कुबट वास, डुगडुगणारी दांडी किंवा भिंतीपलीकडे ब्रेकर असेल तर दुरुस्तीची वाट पाहू नका, समोर जाऊन दुसऱ्या इमारतीतल्या जोडखोल्या मागा. दुपारी ३ च्या सुमारास, खोल्या मोकळ्या होत असतात तेव्हा गेलात तर मिळण्याची शक्यता जास्त. रात्री ९ ला हॉटेल भरलेलं असतं, आणि रोल-इन शॉवरची जोडखोली तर तेव्हा मिळणारच नाही.